पाठ असलेला नंबर

"गाडी कितीची?"

खिडकीशी कुणीही जाऊन उभं राहिलं की भाऊसाहेब आधी हे विचारायचे. नाव त्यानंतर आणि केसचा नंबर त्याच्याही नंतर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, आपण चुकून एस.टी. स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत आलो. घाबरून मागे सरले, तर ते म्हणाले, "पळतेस कुठे गो बाय? बोटं काजूची आहेत तुझी, म्हणजे लांज्याकडची ना तू? परतीची गाडी कितीची ते सांग. मग तुझं नाव कुठे लावायचं ते मी बघतो."

कोर्टात सगळ्याच कारकुनांना भाऊसाहेब म्हणतात. पण रत्नागिरीच्या कौटुंबिक कोर्टाच्या बाकड्यावर बसणाऱ्या आम्हा बायकांचे भाऊसाहेब एकच. उंच, काटकुळे, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट आणि गालात एक लवंग. खिडकीच्या गजाला बाराही महिने त्यांची छत्री टांगलेली असायची. छत्री लांबून दिसली की हायसं वाटायचं.

दिवसभरात कुठली केस आधी आणि कुठली मागून, त्या यादीला कोर्टात बोर्ड म्हणतात. भाऊसाहेब बोर्ड गाड्यांच्या वेळेवर लावायचे. मंडणगडची माणसं सगळ्यांत आधी, मग देवरूख, मग आम्ही लांज्याच्या, आणि रत्नागिरीतली सगळ्यांत शेवटी. एकदा एक वकील त्यांच्यावर चिडले. "भाऊसाहेब, बोर्ड एक नंबरपासून सुरू होतो, मंडणगडपासून नव्हे."

भाऊसाहेबांनी लवंग या गालातून त्या गालात घेतली. "तुमचा एक नंबर खालच्या आळीत राहतो. चालत घरी जाईल. मंडणगडच्या बाईची गाडी चुकली तर ती झोपायला कुठे जाईल? तुमच्याकडे पाठवू?"

वकील हसले आणि बाकड्यावर येऊन आमच्यातच बसले.

आणखी एक. बायकांची नावं ते पुकारू द्यायचे नाहीत. शिपाई दारात आला की हे आधीच उठून बाहेर यायचे, त्या बाईजवळ उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, "चला." तेवढंच. बाकड्यावर कुणाची सून बसलेली असायची, कुणाची जाऊ. नाव घुमलं की सगळ्या माना वळतात. माझी तर नाव ऐकलं की छाती धडधडायला लागते, शाळेपासूनची सवय. म्हणून मला त्या "चला"चं किती वाटायचं ते माझं मला ठाऊक.

तारीख बदलली तर ते कार्ड पाठवायचे. साधं पोस्टकार्ड, निळी शाई. त्यावर कोर्ट नाही, केस नाही, काही नाही. "मंगळवारऐवजी गुरुवारी. सकाळची पहिली गाडी पुरे. डबा आणणे." एवढाच मजकूर. पोस्टमन वाचतो आणि मग गाव वाचतं, म्हणून. पहिलं कार्ड आलं तेव्हा माझ्या वहिनीला वाटलं, मला कुणीतरी सहलीला बोलावलंय. चार दिवस ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

फणसाची गोष्ट बायका अजून सांगतात. मी तिथेच होते. आडिवऱ्याकडची एक म्हातारी सुनेबरोबर आली आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर तिने हा एवढा फणस ठेवला. भाऊसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"काय हे आजी?"

"बरका हाय. गोड हाय."

"तो गोड असेल हो. पण ही लाच आहे की फणस आहे?"

"फणस हाय," म्हातारी म्हणाली. "तुमास दिसत नाय?"

भाऊसाहेबांनी शिपायाकडून कोयती मागवली, फणस बाहेर बाकड्यावर आणला, फोडला, आणि जो येईल त्याला गरे वाटले. भांडायला आलेले नवरे, बायका, सासवा, दोन वकील, सगळे एका रांगेत फणस खात बसले. एक जोडपं तीन वर्षं एकमेकांशी बोललं नव्हतं. "बी इकडे टाक" एवढं ती त्याला म्हणाली. मग त्याच जोडप्याला सह्या करायला आत बोलावलं, तर दोघांच्याही हाताला चीक. कागद बोटांना चिकटायला लागला. खोबरेल तेल शोधेपर्यंत जज मॅडमची उठायची वेळ झाली. मॅडमनी विचारलं, "आता रोजनाम्यात कारण काय लिहायचं?" रोजनामा म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय झालं त्याची नोंद. भाऊसाहेबांनी लिहिलं, "उभय पक्षांच्या हातांस फणसाचा चीक लागल्याने सह्या होऊ शकल्या नाहीत."

"'वेळेअभावी' लिहा ना," मॅडम हसत म्हणाल्या.

"वेळ होता मॅडम. चीक होता म्हणून झालं नाही. कागदावर झालं तेच यावं."

ते कागदावर तसंच राहिलं. कागदावर झालं तेच यावं, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. तेव्हा आम्ही सगळ्या पदर तोंडाला लावून हसलो होतो.

माझी केस मुलीच्या ताब्याची. नवरा बोटीवर कामाला, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात. सासर समुद्राकाठच्या गावात, माहेर लांज्याच्या आत. सासूचं आणि माझं पटलं नाही. त्यात कुणाचं किती चुकलं ते आता मलाही धड सांगता येत नाही. मी माहेरी आले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या अंगात ताप होता, म्हणून चार दिवस तिला तिथेच ठेवून आले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

कोर्टाने एक केलं होतं. दर तारखेला सासूने मुलीला घेऊन यायचं आणि मुलांच्या खोलीत मुलीने माझ्याजवळ एक तास बसायचं. त्या खोलीत एक घसरगुंडी होती आणि एक कान तुटलेला लाकडी घोडा. मुलगी घोड्यावर बसून माझी बोटं मोजायची. मी कारखान्यात काजू फोडते, टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडतात, सालं निघतात. "आज तीन काळी, दोन गोरी," असं ती सांगायची. बाकीच्या बायका तारखांना कंटाळलेल्या असायच्या. तारीख पुढे गेली की मला वाईट वाटायचं ते वेगळ्या कारणाने. माझ्यासाठी तारीख म्हणजे मुलगी.

मग सिस्टिम आली.

आधी खोकी आली, मग तारा, मग शिकवायला दोन मुलगे. आता सगळ्या केस कॉम्प्युटरात जाणार, तारखा त्यातूनच पडणार, मोबाईलवर मेसेज येणार, भिंतीवरच्या टीव्हीवर नाव आणि नंबर दिसणार, असं आम्हाला सांगितलं. भाऊसाहेब पंधरा दिवस ते शिकत होते. उजव्या हाताच्या एकाच बोटाने टाईप करायचे, आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचे. खिडकीबाहेर रांग उभी असायची आणि आतून "क... कुठे गेला मेला क?" असं ऐकू यायचं.

त्यांनी शिकवणाऱ्याला विचारलं, "ह्यात गाडी कुठे लिहायची?"

"कसली गाडी, सर?"

"परतीची."

"सर, तसा कॉलम नाहीये."

"मग बाई घरी जाणार कशी? कॉलममधून?"

पण मी खोटं कशाला लिहू, त्यांनी नुसती नावंच ठेवली असं नाही. पूर्वी एखादी जुनी फाईल शोधायला त्यांना दुपार लागायची. धुळीने शिंका, वर वाळवी. आता ती बोटाच्या टोकावर यायची. तेव्हा ते खुशीत यायचे. "एक मात्र आहे. हिला वाळवी लागत नाही." आमच्यातल्या मुंबईत काम करणाऱ्या बायकांना तर मेसेजने फार बरं झालं. फुकटची खेप वाचायची.

टीव्हीचं मात्र त्यांना पटलं नाही. एखादी नवीन, लाजरी बाई बाकड्यावर असली आणि तिचं नाव लाल अक्षरांत वर आलं, की भाऊसाहेब काहीतरी काम काढून बाहेर यायचे आणि नेमके टीव्हीसमोर उभे राहायचे. उंच होते, बरंचसं झाकलं जायचं.

कार्ड पाठवणं बंद झालं. आता मेसेज जातो, तुम्ही वेगळं काही कळवू नका, दोन ठिकाणी दोन तारखा व्हायला नकोत, असं त्यांना वरून सांगितलं होतं. ते बरोबरच होतं. उरलेली कोरी कार्डं त्यांनी खणात ठेवली.

मेसेजसाठी प्रत्येकाचा मोबाईल नंबर भरून घेत होते. माझा नंबर आला तेव्हा मागे वीस-पंचवीस माणसं होती.

"मोबाईल नंबर?" भाऊसाहेबांचं बोट वर, डोळे अक्षरांवर.

माझ्याकडे फोन नव्हता. वहिनीचा नंबर मला येत नव्हता, भाऊ मुंबईत सारखा नंबर बदलायचा. मागून कुणीतरी म्हणालं, "चला हो काकी, आटपा." घाईघाईत माझ्या तोंडातून दहा आकडे निघाले. एकदम, न अडखळता. भाऊसाहेबांनी एकेक आकडा म्हणत भरला. "झालं. आता तुला काळजी नको."

तो नंबर माझ्या नवऱ्याचा होता. लग्न झालं तेव्हा बोटीची वाट बघत तो महिना-महिना मुंबईत राहायचा. मी दुपारी दुकानातल्या फोनवर जाऊन तो नंबर लावायची. दुकानदारासमोर चिठ्ठी काढायला लाज वाटायची, म्हणून पाठ केला. आयुष्यात तेवढा एकच नंबर मला पाठ होता. खिडकीतून बाजूला झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण पुन्हा रांगेत शिरून, सगळ्यांदेखत, तो नंबर नवऱ्याचा आहे असं मी कशी सांगणार? मी स्टँडवर गेले. बसमध्ये मनाची समजूत घातली, की मेसेज काय, तारीख बदलली तरच कामाचा.

पुढची तारीख बदलली.

मला ते कळलं नाही. मी मागच्या वेळी मिळालेल्या चिठ्ठीवरच्या तारखेला गेले. पिशवीत मुलीसाठी ओल्या काजूगरांची उसळ आणि घावने होते. छत्री जागेवर होती. मुलांची खोली बंद होती.

"आज कशी गो आलीस?" भाऊसाहेब म्हणाले.

"तारीख..."

"तारीख मागच्या मंगळवारी झाली. मेसेज आला नाही?"

मला दुसरंच विचारायचं होतं. "ती आली होती?"

"आली होती. तुझी सासू घेऊन आली होती." माझ्यापासून काही लपवावं असं त्यांना कधी सुचायचंच नाही. "घोड्यावर बसली नाही ती. तासभर दाराकडे तोंड करून बसली होती."

मी पिशवी खाली ठेवली. ते कॉम्प्युटरकडे वळले, एका बोटाने माझी केस काढली आणि बराच वेळ बघत बसले. मग एक नंबर आकडा-आकडा करून मोठ्याने वाचला. अर्जदाराचा. नंतर दुसरा वाचला. सामनेवाल्याचा. तेच दहा आकडे.

"अगो," ते म्हणाले. "का गो?"

"तोच पाठ होता."

त्यांनी तोंडातली लवंग काढली आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना लवंगेशिवाय बघितलं नव्हतं. गालच बसलेला दिसला एकदम.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नवऱ्याच्या वकिलाने त्या मंगळवारीच अर्ज दिला होता, की आईला मुलीला भेटण्यात रस नाही, मुलीला उगाच त्रास होतो, ही भेट बंद करावी. पुढच्या तारखेला त्यावर निर्णय होता. मला सरकारने दिलेले वकील म्हणाले, "सोपं आहे. ताप होता म्हणून सांगा. लांज्यातून डॉक्टरची चिठ्ठी आणा, कोण विचारतंय?" मी आणणार होते. मुलीसाठी मी आणखी काहीही आणलं असतं.

हे बोलणं खिडकीजवळच झालं. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. पण मी निघाले तेव्हा म्हणाले, "सिस्टिममध्ये गैरहजेरीची पाच कारणं आहेत. आजार, प्रवास, वकील नाही, नोटीस पोचली नाही, आणि इतर. तुझं पाचवं आहे. तापाचं तू सांगू नकोस. काय झालं ते मी लिहितो."

"नको भाऊसाहेब," मी म्हटलं. त्यांना मी केलेला तो पहिला विरोध. "सगळ्यांसमोर वाचतील."

"वाचतील तर."

तारखेला मॅडमनी वाचलंच. पडद्यावर बघून, सावकाश. माझे वकील, त्यांचे वकील, दारात सासू, सगळे होते.

"अर्जदार बाईंकडे स्वतःचा फोन नाही. नंबर विचारला असता त्यांनी पतीचा नंबर सांगितला, कारण त्यांना तेवढा एकच नंबर पाठ आहे. हाच नंबर पतीच्या नावापुढेही असल्याचे भरताना माझ्या लक्षात आले नाही. त्यामुळे बदललेली तारीख बाईंना कळली नाही. पूर्वी मी अशा वेळी कार्ड पाठवीत असे. या वेळी पाठवले नाही."

मी साडीचा काठ मुठीत धरून फरशीकडे बघत होते. 'तेवढा एकच नंबर पाठ आहे' हे शब्द संपूर्ण कोर्टाने ऐकले होते. त्यापेक्षा माझं नाव दहा वेळा पुकारलं असतं तर बरं, असं वाटलं.

"हे असंच ठेवायचं?" मॅडमनी भाऊसाहेबांना विचारलं. "तुमच्यावरही येतं हे."

"झालं तसं आहे, मॅडम."

मॅडमनी तो अर्ज नामंजूर केला. माझा दुसरा नंबर घ्यायला सांगितला, आणि बुडलेला तास धरून त्या दिवशी दोन तास भेट दिली.

बाहेर आले तर सासू आडवी आली. आता ही काय बोलणार म्हणून मी अंग चोरलं.

"माझ्या झिलाचा नंबर अजून पाठ हाय होय गो तुला?"

मी मान हलवली.

"दोनदा वाजायचा मेला फोन," ती म्हणाली. नवरा बोटीवर चढताना तो फोन आता तिच्याकडे ठेवून जायचा. "मला वाटलं, एकदा सांगून माणसा ऐकत नाय म्हणून कोर्ट दोनदा सांगतंय." मग मुलीला पुढे ढकलून म्हणाली, "जा. तुझी आय नंबर चुकली. यायचाच नव्हता असा काय नाय."

मुलगी आली, माझ्या शेजारी बसली. त्या दिवशी तिने बोटं मोजली नाहीत. घावने मात्र खाल्ले.

भाऊसाहेबांकडून वरच्यांनी खुलासा मागवला. तुम्हाला दिलेलं काम नीट पाहून का केलं नाही, असं काहीतरी. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. मला तेव्हा त्यांचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला राग होता. खरंच लिहिते. सहा महिने मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. गाडी कितीची म्हणून विचारलं की वेळ सांगायची आणि बाजूला व्हायची. ताप होता म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, असं वाटायचं. आता वाटतं, सासूने तापावर विश्वास ठेवला नसता. पण हे मला फार उशिरा वाटलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला खिडकीशी थांबवलं. भावाने त्याचा जुना फोन मला दिला होता.

"म्हण तुझा नंबर. न बघता."

मी म्हणायला लागले. पाचव्या आकड्याला अडकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा पुढचे आकडे नवऱ्याचे आले. रांगेतली माणसं हसली.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या डोक्यात जागा उरली नाही."

त्यांनी खणातलं एक कोरं कार्ड काढलं, माझ्या फोनवर बघून निळ्या शाईने त्यावर मोठे-मोठे दहा आकडे लिहिले. खाली हाताच्या सवयीने 'डबा' एवढं लिहून थांबले आणि ते खोडलं. मग स्वतः मुलांच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते तिथे दाराच्या आत कधी आले नव्हते. घोड्यावर बसलेल्या मुलीपुढे वाकून त्यांनी कार्ड तिच्या हातात दिलं.

"हे तुझ्या आईचं. हिला येत नाही, तू पाठ कर."

मुलगी सासूकडे बघायला लागली. सासू म्हणाली, "घे. भिंतीवर लावू."

आता खिडकीत एक मुलगी असते. चांगली आहे, दहा बोटांनी टाईप करते. गजाला छत्री नसते. भाऊसाहेब हल्ली सकाळी स्टँडवर दिसतात असं एकजण सांगत होती. लोकांना कुठली गाडी कुठे लागते ते सांगत फिरतात म्हणे. खरं-खोटं माहीत नाही, मी जाऊन बघितलेलं नाही. मेसेज आता माझ्याच फोनवर येतो, वेळेवर येतो. केस अजून चालू आहे. कितवी तारीख ते मोजणं मी सोडलं.

रविवारी दुपारी सासू झोपली की माझा फोन वाजतो. पडद्यावर नाव येत नाही, मी घातलेलंच नाही. नुसते दहा आकडे येतात, ते लांबून बघूनही मला ओळखता येतात. तो नंबर मी दुपारी दुकानात जाऊन लावायची तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती.

"भिंतीवरचं कार्ड बघून लावलास होय गो?" मी परवा विचारलं.

"कार्ड कधीच भिजलं. पुसलं सगळं," ती म्हणाली. "मला पाठ आहे."